किन्नौरात ३.२ चा भूकंप, खोली ५ किलोमीटर. मुलगा तिथं आहे, बोलावून घेऊ का?

साखळीकरीण

नमस्कार मंडळी. विषय गोव्याबाहेरचा आहे, पण इथं जाणती माणसं आहेत म्हणून विचारते.

माझा मुलगा हिमाचलात, किन्नौर जिल्ह्यात, नाको गावाच्या पुढं रस्ता रुंद करायच्या कामावर सुपरवायझर आहे. एका अंगाला खाली स्पिती नदी, दुसऱ्या अंगाला उभा उघडा डोंगर, झाड औषधाला नाही. राहायला पत्र्याचे कंटेनर. परवा पहाटे तिकडं भूकंप झाला. मला कळलं ते जाऊबाईंनी पाठवलेल्या व्हिडिओवरून. लाल अक्षरांत, "हिमाचल हादरलं! केंद्र अवघ्या ५ किलोमीटरवर!" ५ किलोमीटरवर म्हणजे कुठून, कशापासून, काही पत्ता नाही. मुलाचा फोन लागेना. तिथं वारा सुटला तरी रेंज जाते हे ठाऊक असूनही दुपारपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी त्याचाच फोन आला. म्हणे, "अगं, मी झोपलो होतो. आचाऱ्याची भांडी वाजली म्हणतात, तेवढंच." आणि वर हसतो.

त्यानं हसण्यावारी नेलं, पण माझ्या डोक्यातून जात नाही. धाकट्यानं माझ्या फोनवर सरकारी भूकंप ऍप घालून दिलं. त्यात आधी ३.४ आणि खोली १० किलोमीटर होती, संध्याकाळी बघते तर ३.२ आणि खोली ५. यातलं खरं कुठलं? की दोन भूकंप झाले? अमेरिकेच्या साइटवर शोधलं तर तिथं हा भूकंप नाहीच. उथळ भूकंप जास्त वाईट असं सगळीकडं लिहिलेलं असतं, मग १० चे ५ झाले म्हणजे धोका वाढला का? आणि मुख्य म्हणजे, हा लहान येऊन गेला, आता मागून मोठा येतो का? चवथीला तो येणारच आहे, पण अलीकडचं तिकीट काढून आत्ताच बोलावून घेऊ का असं ह्यांना विचारलं, तर ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

कुणाला खरोखर माहीत असेल तर सांगा. नुसता धीर देणारे घरात पुष्कळ आहेत.

ग्रहदशा

ताई, बोलावून घ्या. येत्या अमावास्येच्या आगेमागे उत्तरेकडं मोठा धक्का आहे असा मेसेज फिरतोय. मंगळ आणि शनीची स्थिती दिलीय त्यात, डिग्रीसकट. इथं चिकटवू का?

तेरेखोलकाठी

नको चिकटवू, बाबा. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तोच आलाय, फक्त तिथं अमावास्येऐवजी पौर्णिमा आहे.

साखळीकरीण, शास्त्र मला कळत नाही, पण एक सांगतो. ओपिनियन पोल झाला त्याच वर्षी, १९६७ च्या डिसेंबरात, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पेडण्यात आमच्या जुन्या घरी होतो. भल्या पहाटे फळीवरची पितळी भांडी वाजायला लागली आणि वरच्या वाशांनी असा आवाज केला, जसं कुणी कौलांवरून चालतंय. आजीला वाटलं चोर. तिनं उठून आजोबांना हलवलं, तोवर सगळं शांत. सकाळी रेडिओनं सांगितलं की कोयनानगर बसलं. आता हिशेब तुम्हीच करा. आम्ही कोयनेपासून एवढे लांब आणि आमची भांडी वाजली. तुमचा मुलगा तिथंच आणि त्याच्या आचाऱ्याची भांडी वाजली, तो झोपून राहिला. मग हा केवढासा असेल?

पाटणचा पाहुणा

तेरेखोलकाठी, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगर ते पेडणं सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तुमच्या आजींना जाग आली ती ६ च्या वरच्या भूकंपानं. हिशेब बरोबर मांडलात.

मी मूळचा पाटण तालुक्यातला. नोकरी धरणाजवळच्या भूकंपमापन केंद्रात गेली, आता फोंड्याला मुलीकडं असतो. तेव्हा साखळीकरीण, आधी खोलीचा आकडा घेतो. तुमची निम्मी काळजी त्या एका रकान्यातून आलीय आणि त्या रकान्यावर माझा जुना राग आहे.

आमच्या वेळी नोंद कागदावर व्हायची. गुळगुळीत कागद ड्रमला गुंडाळायचा, खाली रॉकेलचा धुरकट दिवा धरून ड्रम फिरवत फिरवत त्यावर काजळी धरवायची. सारखी धरली पाहिजे. कुठं जाड कुठं पातळ झाली की साहेब कागद फाडून परत करायला लावत. मग त्या काजळीवर सुई टेकवायची. जमीन हलली की सुई हलते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी कागद कडेला धरून उतरवायचा, बोट लागलं की तेवढी वेळ पुसली गेली. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्यात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. सुतार पॉलिशला वापरतो तोच चपडा. शर्टाच्या बाह्यांवरून घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. पावसाळ्यात भूकंप नसतानाही रेघ जाड यायची. अरबी समुद्राच्या लाटा किनारा धोपटत असतात, त्यानं जमीन अखंड बारीक थरथरते, आपण आहोत तिथंही. आता डिजिटल यंत्रं आलीत, कागद गेला, पण गणित तेच आहे.

तर त्या कागदावर एक सेकंद म्हणजे एक मिलिमीटर. भूकंपाच्या दोन लाटा असतात. पहिली दाबाची, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर पळते. मागून येते ती आडवं हलवणारी, सेकंदाला साडेतीनच्या आसपास. दोघींच्या येण्यातला फरक भिंगाखाली मोजायचा. दर सेकंदामागं साधारण ८ किलोमीटर धरायचे, म्हणजे १० सेकंदांचा फरक असला तर भूकंप ८० किलोमीटरवर. तीन मापन केंद्रांभोवती अशी तीन वर्तुळं नकाशावर काढली की ती जिथं मिळतात ती जागा.

जागा अशी सापडते. खोली सापडत नाही. समजा मोजणारं केंद्र १०० किलोमीटरवर आहे. भूकंप ५ किलोमीटर खोल असला तर लाट १००.१ किलोमीटर चालून येते, १५ खोल असला तर १०१.१. फरक एका किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शाचा. माझ्या कागदावर सहा भागांत चिरलेल्या मिलिमीटरचा एक भाग. तिथले खडक नक्की कसे आहेत हे पुरतं माहीत नसताना त्या केसावरून खोली काढायची? फोंड्यात बसून म्हापशातला नारळ काढणारा पाडेली माडाच्या बुंध्याशी आहे की शेंड्याला, हे मला सांगता येईल का? तेच केंद्र भूकंपापासून ५ किलोमीटरवर असतं तर ५ आणि १५ खोलीत जवळजवळ दीड सेकंदाचा फरक पडला असता. तो नवशिक्यालाही दिसतो.

कोयनेभोवती केंद्रांचं जाळं दाट आहे, त्यामुळं तिथली खोली आम्ही छातीठोकपणे सांगायचो. किन्नौर-स्पिती म्हणजे चहूकडं डोंगर, पलीकडं तिबेट, केंद्रं विरळ. अशा भागात ३ चा भूकंप लांबलांबच्या थोड्याच यंत्रांवर उमटतो. मग गणित मांडताना खोली एखाद्या ठरावीक आकड्याला बांधून टाकतात, ५ नाहीतर १०, आणि बाकीचं सोडवतात. यात लबाडी काही नाही, जगभर असंच करतात, अमेरिकावालेसुद्धा १० धरून चालतात. ऍपच्या यादीत जरा खाली जाऊन बघा, ५ आणि १० यांची रांग लागलेली दिसेल. जमिनीला पाढे येत नाहीत.

म्हणजे तुमच्या १० चे ५ झाले तेव्हा भूकंप काही वर सरकला नाही. आणखी एखाद्या केंद्राची नोंद हाती आली, माणसानं बसून तपासलं, गणित पुन्हा मांडलं. ३.४ चे ३.२ झाले तेही तसंच. भूकंप एकच. नकाशावरचा ठिपकाही अशा भागात दहा-पंधरा किलोमीटर इकडचा तिकडं असू शकतो, तेव्हा नाकोपासून तो किती लांब हे बोटानं मोजत बसू नका. आणि त्या व्हिडिओवाल्यानं खोली वाचून ते अंतर म्हणून ठोकून दिलंय.

अमेरिकेच्या साइटवर त्यांच्या देशाबाहेरचे सहसा ४ च्या वरचेच दिसतात. ३ ते ३.९ चे भूकंप जगात वर्षाला लाखाच्या वर होतात, म्हणजे दिवसाला तीनशेच्या जवळपास. कुणी म्हणून मांडायचे?

आता उथळ असला तर वाईट का. शास्त्रात ७० किलोमीटरपर्यंतचा प्रत्येक भूकंप उथळच धरतात. कोयना उथळ, किल्लारी उथळ, हिमालयातले जवळपास सगळे उथळ. खोल बघायचे तर हिंदुकुशातले. २६ ऑक्टोबर २०१५ चा ७.५ चा दोनशे किलोमीटरहून खोल होता, दिल्लीत लोक कार्यालयांतून खाली धावले. खोल भूकंप लांबवर जाणवतो, पण वर येईपर्यंत त्याचा जोर पातळ होतो. उथळ भूकंप जवळच्यांना जोरात बसतो आणि लांबच्यांना कळतही नाही. म्हणून ६, ७ चा उथळ असेल तर घात होतो. ३.२ चा उथळ असला तर बरोबर डोक्यावरच्या गावात भांडी वाजतात, खिडकीची काच खडखडते, कधी जमिनीतून धडाड असा आवाज येतो. तो आवाज मात्र घाबरवतो. नवा माणूस बदलीवर आला की पहिल्या आवाजाला अंगणात पळायचा आणि आमच्याकडची पोरं हसायची.

किन्नौरातला खरा मोठा कोणता ते सांगतो. १९ जानेवारी १९७५, भर दुपारी, ६.८. कौरिक-चांगो नावाचा भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग आहे, तिथला. चांगो हे गाव तुमच्या मुलाच्या रोजच्या वाटेवर असणार, विचारा त्याला. ताबोचा मठ ९९६ साली स्थापन झालेला, त्याचंही त्यात नुकसान झालं. दरडींनी हिंदुस्तान-तिबेट रस्ता ठिकठिकाणी तोडला. आता ६.८ आणि ३.२ शेजारी ठेवले तर दुपटीच्या जरा वर वाटतं. पण एक अंक वाढला की ऊर्जा ३२ पट होते. त्या हिशेबानं १९७५ चा भूकंप तुमच्या परवाच्याच्या अडीच लाख पट होता.

राहिला मोठा येतो का हा प्रश्न. याचं उत्तर मला गोड करून देता येत नाही. लहानामागून बहुतेक वेळा काहीच येत नाही. डहाणू-तलासरीकडं नोव्हेंबर २०१८ पासून हादऱ्यांची रीघ लागली, लोक थंडीत तंबूत झोपले, त्यातला मोठ्यात मोठा ४ च्या जरा वर गेला. पण किल्लारीला १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेच हादरे बसले होते. मग थांबले. लोक घरात परतले. आणि अकरा महिन्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते आपल्याला माहीत आहे. आधीचे हादरे कागदावर बघून यातला किल्लारीचा कुठला आणि डहाणूचा कुठला, हे मला ओळखता आलं नसतं. अजून कुणालाच येत नाही. लहान झाले की ताण मोकळा होतो, बरं झालं, असंही कुणी सांगेल. एका ६ च्या भूकंपाएवढी ऊर्जा सुटायला ४ चे हजार व्हावे लागतात. तेव्हा तेही नाही.

म्हणून परवाच्या भूकंपावरून तिकीट बदलू नका. भारताच्या २००२ च्या भूकंप-धोक्याच्या नकाशात (झोनचा आकडा मोठा तेवढा धोका जास्त) किन्नौर झोन ४ मध्ये आहे, मुलगा नोकरीवर गेला तेव्हाही तो ४ मध्येच होता. काळजी करायचीच असेल तर त्याच्या डोक्यावरच्या डोंगराची करा.

ग्रहदशा, तारीख, जागा आणि तीव्रता तिन्ही आधी सांगणारा अजून जन्माला यायचाय. "उत्तरेकडं, अमावास्येच्या आगेमागे" एवढंच सांगायचं असेल तर मीही सांगतो आणि चुकणार नाही.

बाणास्तारीबाजार

काका, एक नंबर. काजळीचा भाग आईला वाचून दाखवला.

साखळीकरीण ताई, अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाचा इशारा देणारी सोय २०२३ पासून भारतातही आहे. सेटिंगमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीखाली सापडते. फोनमधलाच सेन्सर हादरे ओळखतो, आजूबाजूच्या पुष्कळ फोनांनी एकदमच सांगितलं की इशारा जातो. पण ४.५ च्या वरच्यालाच, म्हणून परवाच्याला वाजला नसणार. आणि नाकोसारख्या ठिकाणी एवढे फोन कुठून असणार, त्यामुळं फार भरवसा ठेवू नका. मुलाच्या फोनमध्ये मात्र चालू करून ठेवायला सांगा, फुकट आहे.

चिरेबंदी

स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, म्हापशाला. थोडं विषय सोडून लिहितो, चालवून घ्या.

गंमत अशी की किन्नौरच्या भूकंपाची चौकशी करणारा माणूस झोन ३ मध्ये बसून करतो. होय, त्याच २००२ च्या नकाशात अख्खा गोवा झोन ३ मध्ये आहे. माझ्याकडं येणाऱ्या दहा घरमालकांतल्या नऊ जणांना हे सांगितलं की ते वास्तुशास्त्राकडं वळतात. किल्लारी १९९३ साली ज्या नकाशात होती त्यात ती झोन १ मध्ये होती, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. २००२ साली तो झोन १ काढूनच टाकला.

किल्लारीत माणसं मारली ती जाड भिंतींनी. गोल दगड, मध्ये माती, वर मातीचं जड धाबं. आमचं जुनं चिऱ्याचं घर त्यापेक्षा बरं, चिरा चौकोनी असतो, बसतो नीट, वर मंगळुरी कौलं हलकी. पण चिरे मातीत बसवलेले असतील, कोपऱ्यात सांधा मोडून लावले नसतील आणि दार-खिडक्यांच्या वर, लिंटेलच्या पातळीला सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा नसेल, तर चार भिंती चार दिशांना जायला मोकळ्या. दुरुस्तीला घर काढताय तर तो पट्टा तेवढा घालून घ्या. गणपतीच्या माटोळीला जेवढा खर्च... असो, जास्त होईल.

नवीन इमारतींचं आणखी वेगळं. खाली नुसते खांब, गाड्यांना जागा, वर चार मजले विटांच्या भिंतींनी भरलेले. हलवली की सगळा मार तळमजल्याच्या खांबांवर. त्या खांबांतल्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. साइटवर बघतो तर काटकोनात वाकवून सोडलेली. बारबेंडरला विचारलं तर म्हणतो, साहेब, आत जाऊन दिसतंय कुणाला. स्लॅब पडायच्या आधी एकदा जाऊन बघा आपल्या फ्लॅटचे खांब. फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

साखळीकरीण, तुमच्या मुलाचा कंटेनर उलट चांगला. हलका पत्र्याचा डबा, हलला तरी अंगावर पडायला त्यात काही नाही. वरच्या कप्प्यात सिलिंडर, जड पेट्या ठेवू नको म्हणा.

साखळीकरीण

सगळ्यांचे आभार. पाटणचे काका, तुमचं लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. तिकीट बदलत नाही. जाऊबाईंनाही पाठवलं, त्या म्हणतात एवढं मोठं कोण वाचणार.

मुलाला डोंगराचं विचारलं तर म्हणतो, "आई, इथं दगड रोजच येतात, भूकंपाची वाट बघत नाहीत." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं का? त्यानं कंटेनरांचा फोटो पाठवलाय, खाली देते. काका, बघून सांगाल का? आणि त्याला पटेल असं काही सांगा. आईचं म्हणून सांगितलं की तो "हो हो" म्हणतो.

पाटणचा पाहुणा

फोटो मोठा करून बघितला. मुलगा बरोबर बोलतोय. त्या भागात रात्री चिरांतलं पाणी गोठतं, दिवसा वितळतं, दगड सैल होतात आणि वाऱ्यानंसुद्धा सुटतात. भूकंप त्यात फक्त एक धक्का देतो. जे आठवड्याभरात पडणार ते एकदम पडतं.

आता फोटो. डावीकडून पहिले दोन कंटेनर ठीक आहेत, त्यांच्या मागं डोंगराचा दांडा पुढं आलाय, वरून सुटलेला दगड दोन्ही अंगांनी वळेल. तिसरा, ज्याच्या दारात निळा पिंप आहे, तो दोन दांड्यांमधल्या घळीच्या बरोबर तोंडाशी आहे. त्याच्या मागं दगडांचा पंख्यासारखा पसरलेला ढीग दिसतो ना, त्यातले बरेच दगड काळपट धुळकट आहेत, ते जुने. पण वरच्या बाजूला पाच-सहा उजळ, धारदार कडांचे आहेत. ते यंदाचे. एक तर ट्रकच्या चाकाच्या आकाराचा आहे आणि पत्र्यापासून माणसाच्या उंचीएवढ्याच अंतरावर थांबलाय. त्या तिसऱ्यात कोण झोपतं ते विचारा.

मुलाला सांगायचं ते असं. तिसरा कंटेनर पहिल्या दोनांच्या रांगेत आणा. धक्का जाणवला आणि तो कटिंगखाली, म्हणजे डोंगर कापलेल्या कड्याखाली असला तर डोंगराच्या पायथ्याकडं नाही, रस्त्याच्या बाहेरच्या कडेला नाही, जिथं मशीन किंवा दांड्याचा आडोसा असेल तिथं डोकं झाकून थांबायचं. हलणं थांबलं की लगेच कामाला लागायचं नाही, वरचे सैल दगड मागाहून येत राहतात. पोकलेन चालवणाऱ्याला ते ऐकू येत नाही, म्हणून एक माणूस फक्त वर बघायला ठेवायचा, शिट्टी घेऊन. मोठ्या कामांवर असा माणूस असतोच, छोट्या तुकड्यांवर त्यालाही फावडं देतात.

आणि नदी. धक्क्यानंतर, किंवा धक्का नसतानाही, स्पितीचं पाणी अचानक कमी झालं तर खाली उतरून बघायला जायचं नाही, वर चढायचं. वर कुठं दरडीनं अडलेलं असतं ते मागाहून एकदम येतं. पारेछू नदीवर तिबेटात २००४ साली दरडीनं तळं झालं होतं, ते २६ जून २००५ ला फुटलं आणि पाणी स्पितीतून सतलजमध्ये आलं. पारेछू सुमदोला स्पितीला मिळते, त्याच्या कामापासून ते काही लांब नाही. तिथल्या जुन्या मजुरांना आठवत असेल, त्याला म्हणा माझं नको ऐकूस, त्यांना विचार.

चिरेबंदी

तिसऱ्या कंटेनरबद्दल सहमत. मला तो दगड दिसलाच नव्हता. पाण्याची टाकीसुद्धा त्याच घळीत आहे, तीही हलवायला सांगा, भरलेली टाकी घरंगळली तर दगडाहून वाईट.

ग्रहदशा

पण काका, अमावास्येला भरतीमुळं जमिनीवर ताण येतो हे तरी खरं ना?

पाटणचा पाहुणा

येतो. अगदी थोडा. दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला येतो, वर्षानुवर्षं. त्याचा भूकंपांशी बारीकसा संबंध काही ठिकाणी दिसतो, त्यावर काम करणारे लोक आहेत. त्यावरून साखळीच्या बाईंनी तिकीट काढावं एवढा नाही. शनीचा काही संबंध नाही.

साखळीकरीण

काका, तिसऱ्यात आचारी आणि त्याचा पुतण्या झोपतात. ज्याची भांडी वाजली तोच आचारी. फोटोवर गोल करून मुलाला पाठवला, त्यानं तो मुकादमाला दाखवला. पहिल्यांदाच "हो हो" न म्हणता "बघतो" म्हणाला. दोघांना कालपासून पहिल्या कंटेनरमध्ये घेतलंय. तिसरा हलवायला क्रेन लागते, ती खाली पूहला दुसऱ्या कामावर आहे, सोमवारी येणार म्हणतात. टाकी त्यांनी रिकामी करून हातानंच सरकवली. सोमवारी फोन करून क्रेनचं विचारते.